मगरीचा प्रवेश-पास

ज्या शाळेने रीतसर पत्र पाठवून आम्हाला बोलावले, तिच्याच फाटकावर मला मगरीच्या पोशाखात जवळजवळ अर्धा तास उभे राहावे लागले, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

आमचा लहानसा स्वयंसेवी गट दर ऑक्टोबरच्या 2 ते 8 तारखेपर्यंत, म्हणजे वन्यजीव सप्ताहात, बडोद्यातील शाळांमध्ये जाऊन विश्वामित्री नदीतील मगरींची माहिती देतो. गटात माझ्याकडे हिशेबाची वही असते. मगर होणारा मुलगा ऐन वेळी तापाने आडवा झाला आणि तो पोशाख साडेपाच फुटांहून उंच माणसाला बसत नसल्यामुळे वहिनींची नजर माझ्यावर पडली. "भावोजी, वही एक दिवस कोणीही सांभाळेल, ही उंची मात्र दुसऱ्या कोणाची नाही," असे त्या म्हणाल्या. पन्नाशी ओलांडलेल्या आणि दांडिया बाजारात ज्याला चार लोक ओळखतात अशा माणसाने शेपूट लावून हिंडावे, हे मला मुळीच पटत नव्हते; पण वहिनींपुढे आमच्या घरात आजवर कोणाचे काही चाललेले नाही.

शाळेने पत्रात दोन अटी घातल्या होत्या. मगर फाटकातून चालत येताना मुलांना दिसली पाहिजे, म्हणून पोशाख बाहेर गाडीतच चढवावा; आणि मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून आवारात कोठेही डोके काढू नये. दोन्ही अटी रास्त होत्या, परंतु फाटकाजवळच्या कार्यालयाला त्यांची गंधवार्ताही नव्हती. तिथला नियम असा की, येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा कॅमेऱ्यात टिपायचा, ओळखपत्राची झेरॉक्स घ्यायची आणि नोंदवहीत त्याची सही घ्यायची. खिडकीमागच्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि शांतपणे सांगितले, "फोटो वगर पास नहीं नीकळे."

माझे ओळखपत्र माझ्या खिशात होते आणि खिसा पोशाखाच्या आत होता. पोशाखाची चेन पाठीवर असल्याने ती मला स्वतःला उघडता येत नव्हती. पुतण्या माझा सोबती म्हणून आला होता. त्याने मोबाइलवरचे ओळखपत्र दाखवले, पण कागदच हवा असे उत्तर मिळाल्यामुळे तो झेरॉक्सचे दुकान शोधायला धावला आणि मी एकटा उरलो. पहारेकऱ्याने दयाबुद्धीने नोंदवहीत माझे नाव लिहिले. सही मात्र ज्याची त्यानेच करायची होती. हातमोजे बाह्यांना शिवलेले आणि त्यांना स्पंजची तीनच जाडजूड बोटे. त्या बोटांत त्याने पेन खोचून दिले, ते दोनदा पडले, आणि शेवटी रकान्यातून खाली घसरत गेलेली एक रेघ सही म्हणून मान्य झाली.

चेहऱ्याचे मात्र जमेना. या पोशाखात माणसाला दिसते ते मगरीच्या उघड्या जबड्यात आतून लावलेल्या काळ्या जाळीतून. पहारेकऱ्याने वरचा जबडा हाताने आणखी उचलून धरला, बाईंनी कॅमेरा वळवला, संगणकाच्या पडद्यावर चेहरा ओळखणारा चौकोन क्षणभर उमटला आणि नाहीसा झाला. डोके काढा, असे बाई म्हणत होत्या. काढू नये असे तुमच्याच शाळेचे पत्र आहे, असे मी जाळीतून ओरडून सांगत होतो, आणि स्पंजमुळे ते कोणालाच नीट ऐकू जात नव्हते. पावसाळा संपल्यानंतरचे ऑक्टोबरचे ऊन डोक्यावर होते आणि डोक्यातला बॅटरीचा पंखा केव्हाच बंद पडला होता. मगर काठावर तोंड उघडे टाकून पडते ती बव्हंशी अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी, ही माहिती मी मुलांना सांगणार होतो. उघड्या जबड्यात उभे राहून मला तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

पुतण्या परतल्यावर पहारेकऱ्याच्या खोलीत डोके काढून छायाचित्र घ्यायचे ठरले. त्या खोलीची खिडकी मैदानाकडे उघडते हे कोणाच्याच ध्यानात आले नाही. मैदानावर कवायतीला आलेल्या वर्गातला एक मुलगा आनंदाने ओरडला, "मगर काकाने गळी गयो!" म्हणजे मगरीने काकांना गिळले. शाळेची दुसरी अट तिथेच निकालात निघाली, आणि मग मला पास मिळाला.

कार्यक्रम चांगला झाला. वहिनी बोलत होत्या आणि मी हातवारे करत होतो. पुराच्या पाण्याबरोबर मगरी वस्तीत येतात, हे ऑगस्ट 2024 चा पूर पाहिलेल्या मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. मगर दिसली तर गर्दी करू नये, दगड मारू नये, वनविभागाला कळवावे, एवढे त्यांच्याकडून वदवून घेतले. जबडा मिटण्याची मगरीची ताकद प्रचंड असली तरी उघडण्याचे स्नायू दुबळे असतात, त्यामुळे पकडलेल्या मगरीचे तोंड चिकटपट्टीनेही बंद ठेवता येते, हे ऐकून मागच्या बाकांवरची मुलेही पुढे सरकली. एका मुलीने मात्र मगर हिरवी कशी, असे विचारले. तिचे बरोबर होते. बडोद्यातल्या काळा घोडा चौकाजवळच्या, विश्वामित्रीवरच्या पुलावरून दिसणारी मगर मळकट तपकिरी-राखाडी असते. हे शिवणाऱ्याला कितीही समजावले तरी तो हिरवेच कापड काढतो.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी आत सुती बनियन आणि अर्धी चड्डीच घालावी, कपाळाला रुमाल घट्ट बांधावा आणि वीस मिनिटांहून अधिक वेळ सलग आत राहू नये. ओळखपत्राची झेरॉक्स सोबत्याजवळ ठेवावी आणि सोबत्याला कोणत्याही कारणाने दूर पाठवू नये. बालवाडीत आपण होऊन मुलांकडे जाऊ नये; खाली बसून राहिले की ती स्वतःच येतात, आणि पहिले मूल शेपटीला हात लावते तेव्हा आपल्याला, नाही म्हटले तरी, बरे वाटते. जिना उतरताना शेपूट सोबत्याने उचलावी. पाणी आधी प्यावे, हे खरे तर मी सर्वांत आधी सांगायला हवे होते. पोशाख परत ठेवण्यापूर्वी उलटा करून वाळवला नाही, तर पुढच्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही.

यंदा त्याच शाळेचे निमंत्रण पुन्हा आले आहे. पास आदल्या दिवशी सोबत्याच्या हाती द्यावा आणि पोशाख बदलण्यासाठी मैदानाकडे खिडकी नसलेली खोली मिळावी, असे मी वहिनींकडून लेखी कळवले आहे. पत्राची पोच आली आहे. उत्तर आलेले नाही.