कमाटी बागेतले पाच तास

एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात पहिला प्रश्न आला नोकरीचा. दुसरा आत्याचा: "जात, बाई-पुरुष, अन्याय हे शिकायला युनिव्हर्सिटी कशाला हवी? आमच्या सोसायटीच्या मीटिंगला येऊन बस." आत्याच्या सोसायटीचं ऐकलंय, त्यामुळे वाद घातला नाही.

पण हवीच. कारण घरात बाबासाहेबांची गोष्ट एकाच तऱ्हेने सांगतात. त्यांना अमेरिकेला पाठवलं कोणी? आपल्या सयाजीराव महाराजांनी! १९१३ साल, कोलंबिया विद्यापीठ, महिना साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती. सगळं खरं. फक्त गोष्ट तिथेच संपवतात.

पुढचं मला वर्गात वाचायला मिळालं. १९१७ मध्ये करारानुसार ते नोकरीला बडोद्यात आले, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसं आली, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर म्हणाली. हिंदू मित्राकडे गेले, तर तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्रानेही टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊची, मधले पाच तास कमाटी बागेत काढले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्याच बागेत मला लहानपणी झुकझुक गाडीत बसवलं, म्युझियममधली ममी दाखवली, देवमाशाचा सांगाडा दाखवला. हे मात्र कोणी सांगितलं नाही.

आत्याला वाचून दाखवलं. "लाठ्यावाले पारशी होते ना पण," ती म्हणाली. अगं आत्या, आणि बाकीच्या गावात घरं कोणाची होती?

सेमिनारला मी गुजरातेतल्या मराठी माणसांवर बोलले, भाषिक अल्पसंख्याक म्हणून. छोटा उदेपूरची राठवा आदिवासी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "अल्पसंख्याक खरे, पण राजवाडा तुमचाच." तिच्या घरी राठवी बोलतात, शाळेतली गुजराती तिलाही परकीच होती. सगळे हसले, मीही हसले. माझा मुद्दा मी मागे घेतलेला नाही. पण तिच्याशेजारी बसून तो मांडताना आवाज जरा खाली येतो, आणि यावाच.

प्रबंधाला बडोदा संस्थानाचा १९०६ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा घेतलाय. राज्यभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं, मुलींनाही. पहिली मुलाखत आत्याची, कारण तिची आजी त्याच काळात शाळेत गेली होती. आत्या खुलून बोलली, पाटी, परकर, पळून घरी येणं, सगळं. मग मी विचारलं, संडास साफ करायला यायच्या त्या बाईची मुलगी होती का गं वर्गात?

"त्यांची शाळा वेगळी असायची." मग लगेच, "हे लिहू नकोस हं."

लिहिणार आहे. गाइडने नाव बदलायला सांगितलंय, तेवढं बदलेन.