फळ्यावरची सनद

मी शाळेत चित्रकला शिकवतो. परिपाठाआधी फळ्यावर सुविचार लिहायचं काम चौदा वर्षं माझ्याकडेच आहे. गेल्या महिन्यात एक दिवस लिहिलं, ‘ज्ञानासाठी चीनपर्यंत जावं लागलं तरी जा’, आणि खाली ‘हदीस’, म्हणजे पैगंबरांचं वचन. हे वाक्य लहानपणापासून कॅलेंडरांवर वाचलेलं, पाहुण्यांच्या भाषणांत ऐकलेलं. शंका कधी आलीच नव्हती.

नातीला सोडायला येणारे एक चाचा फळ्यासमोर थांबले. सोलापूरच्या विजापूर वेशीत त्यांचं अत्तराचं छोटं दुकान आहे. तरुणपणी हैदराबादला राहून ते आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, झाले. म्हणाले, “सर, अक्षर लई सुंदर. पण सनद काय याची?”

सनद म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं त्याची साखळी, थेट पैगंबरांपर्यंत (स.). मूळ मजकूर तो मतन. मी आयुष्यभर मतनच वाचत आलो होतो. वरची नावं सोडून द्यायचो.

शुक्रवारी नमाज झाल्यावर दुकानात गेलो. चाचांनी चहा मागवला आणि इमाम बुखारींपासून सुरुवात केली. त्यांचं ‘सहीह’, अस्सल हदीसांचा संग्रह, सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला सोळा वर्षं लागली असं सांगतात. पण त्याआधी, वयाच्या अठराव्या वर्षी, मदिनेत पैगंबरांच्या कबरीजवळ चांदण्या रात्री बसून त्यांनी ‘तारीखुल कबीर’ लिहायला घेतलं, अशी आठवण आहे. तो ग्रंथ आहे रावींचा, म्हणजे हदीस सांगणाऱ्या माणसांचा. चीनच्या वाक्याच्या सनदेत पैगंबरांचे सोबती अनस बिन मालिक यांच्यानंतर अबू आतिका नावाचा रावी येतो. बुखारींनी त्याला ‘मुनकरुल हदीस’, म्हणजे ज्याच्या हदीस स्वीकारू नयेत असा, ठरवलं. पुढे बगदादच्या इब्न जौझींनी (मृत्यू १२०१) हे वाक्य बनावट हदीसांच्या आपल्या ग्रंथात टाकलं.

माझे वडील यंत्रमागावर होते. चादरीत रेघ पडली की ते नक्षीकडे बघत बसायचे नाहीत. मागे जाऊन बीमवरचा तुटलेला धागा शोधायचे. चाचांचं बोट नावांवरून फिरत होतं तेव्हा मला तेच आठवत होतं.

“मग सुविचार बदलू?” मी विचारलं. ते म्हणाले, इब्न माजा घ्या. कझवीनचे इब्न माजा (मृत्यू ८८७), सहा प्रमुख हदीससंग्रहांपैकी एकाचे कर्ते. त्यांच्याकडे वाक्य आहे: ज्ञान मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज (बंधनकारक) आहे. सनद अशी: हिशाम बिन अम्मार, हफ्स बिन सुलेमान, कसीर बिन शिंझीर, मुहम्मद बिन सीरीन, अनस बिन मालिक. आणि चाचा हफ्सच्या नावावर थांबले.

हा तोच हफ्स. कूफ्याचे कुराणपठणाचे इमाम आसिम यांचा सावत्र मुलगा आणि शिष्य. आज जगातल्या बहुतेक छापील कुराणांतलं पठण त्याच्याच रिवायतीचं, म्हणजे त्याने ऐकून पुढे दिलेलं. मी मशिदीत डोलत डोलत जे पाठ केलं, आई पहाटे जे पुटपुटायची, ते सगळं या माणसाच्या मुखातून आलेलं. आणि हदीसच्या विद्वानांनी त्याला हदीसमध्ये जईफ, दुर्बळ ठरवलं. कुराणाचा इमाम म्हणून डोक्यावर घेतलं, पण हदीसच्या बाबतीत त्याची गय केली नाही. हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. ज्याचं ऋण इतकं मोठं, त्याच्याबद्दल असं लिहिताना त्यांचा हात कसा थरथरला नसेल?

मग ते वाक्यही गेलं का? नाही. ते इतर अनेक वाटांनीही आलेलं आहे. एकेक वाट कमजोर, पण त्या एकमेकींना आधार देतात. दमास्कसच्या मिझ्झींनी (मृत्यू १३४१) त्या सगळ्या मिळून त्याला ‘हसन’च्या, म्हणजे स्वीकारण्याजोग्या हदीसच्या, दर्जाला पोचवतात असं म्हटलं. चाचांनी कपाटातून ‘तहझीबुत तहझीब’चा एक खंड काढला. रावींच्या चरित्रांचे हे बारा खंड हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने छापलेले. पानं पिवळी, बाइंडिंग उसवलेलं. हफ्सवरचा मजकूर त्यांनी बोटाने दाखवला. मला अरबी वाचता येतं, कळत नाही. ते एकेक ओळ उलगडून सांगत गेले. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली, तरी ते उठले नाहीत.

सोमवारी फळ्यावर नवं वाक्य लिहिलं, वर पाचही नावं, आणि हफ्सच्या नावाखाली बारीक अक्षरात ‘हदीसमध्ये जईफ’. दिनविशेषाला जागा उरली नाही. सातवीतल्या मुली नावं वहीत उतरवून घेत होत्या. चाचा आले, चष्मा वर सरकवून सावकाश वाचलं.

“अनससमोर आदराचं ‘रजि.’ राहिलं, सर.”

मी खडू घेऊन ते लिहिलं.