नगरहून क्लेअरमाँटला: जुन्या मिशन सहकाऱ्यांची भेट

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या पूर्वेला क्लेअरमाँट नावाचं गाव आहे. तिथल्या ‘पिलग्रिम प्लेस’ वसाहतीची सुरुवात १९१५ साली झाली ती परदेशातून परतलेल्या मिशनरींच्या निवाऱ्यासाठी. नगर भागात आयुष्य घालवलेले आमचे काही सहकारी आज तिथे राहतात. १९७२च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातल्या मिशन हॉस्पिटलात मी शिकाऊ नर्स होते. सकाळी वॉर्ड आणि दुपारी सुकडीच्या (दुष्काळात वाटायच्या पौष्टिक खाण्याच्या) रांगा, हे सगळं आम्ही या मंडळींबरोबर केलं. त्यांच्यातले जे हयात आहेत ते आता नव्वदीच्या आसपास आहेत. म्हणून कोणाच्या मनात जायचं असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका.

व्हिसाची तयारी बरेच महिने आधी सुरू करा. भेटीचा व्हिसा म्हणजे बी-१/बी-२. त्याची फी १८५ डॉलर होती. भरण्याआधी चालू दर बघून घ्या. बोटांचे ठसे एका दिवशी आणि मुलाखत दुसऱ्या दिवशी, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत, असे दोन हेलपाटे धरून चाला. मुलाखतीत खरं तेच थोडक्यात सांगायचं: जुन्या सहकाऱ्यांना भेटायला चालले आहे, अमुक दिवशी परत येणार. यजमानांचं पत्र, पेन्शनचे कागद आणि एकत्र काम केल्याचा जुना फोटो जवळ असू द्या. कागद मागतीलच असं नाही, पण जवळ असले की आपल्याला धीर येतो.

मुंबईहून लॉस एंजेलिसला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं. वय झालेल्यांनी तिकिटाबरोबरच व्हीलचेअरची नोंद करावी. त्याचे पैसे पडत नाहीत आणि लांबच लांब रांगांतून सुटका होते. विमान कॅलिफोर्नियातल्याच ऑन्टॅरिओ गावापर्यंत मिळालं तर उत्तम, कारण तो विमानतळ क्लेअरमाँटच्या जवळ आहे. नाहीतर लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून फ्लायअवे बसने युनियन स्टेशन गाठायचं. तिथून मेट्रोलिंकची सॅन बर्नार्डिनो गाडी तासाभरात क्लेअरमाँटला सोडते. प्रवास विमा काढताना आधीपासूनच्या बीपी-शुगरचा खर्च त्यात धरलाय का, ते नीट वाचा. तिथली दवाखान्याची बिलं आपल्याला झेपणारी नाहीत.

सामानात शेंगदाण्याची चटणी आणि गोडा मसाला चालतो, मात्र उतरल्यावर कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगायचं. ताजा कढीपत्ता अजिबात नेऊ नका. ते झाड लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं, त्यामुळे पानांवरून त्या बागांची कीड-रोगराई जाण्याची भीती असते. क्लेअरमाँट तर एके काळी लिंबू-संत्र्यांवरच उभं राहिलेलं गाव. फळं पॅक करण्याची जुनी इमारत स्टेशनजवळ अजून उभी आहे, आता तिच्यात दुकानं आहेत.

पण तिकडच्यांना खरी ओढ असते इकडच्या माणसांची. निघण्याआधी मी वाड्या-वस्त्यांवर जाऊन जुन्या आयांचे, वॉर्डबॉयचे आणि पाळकांचे (चर्चच्या पाद्र्यांचे) निरोप मोबाइलवर घेतले. फोटो ए-४ आकारात छापून घेतले, कारण मोबाइलच्या पडद्यावरचे चेहरे त्यांना दिसत नाहीत. आमच्या मिसबाई, म्हणजे तेव्हाच्या मिशनरी बाई, जेवणाच्या हॉलमध्ये भेटल्या. दुपारी तिथे सगळे एकत्र जेवतात. मी वाकून ‘सलाम, मिसबाई’ म्हटलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, माझा हात धरला आणि अस्सल नगरी बोलीत विचारलं, “कव्हा आली गं?” मग फोटो मांडले. एका फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ही लेबर रूमची. हिला चहात साखर लागायची नाही.” त्या आया वारल्याचं मला सांगावं लागलं. त्यांनी डोळे मिटून मराठीत प्रार्थना केली. शेजारच्या टेबलावरची माणसंही थांबली.

अशा बातम्या सांगायच्या असतात, लपवायच्या नसतात. कोण गेलं, कोण कुठे आहे याची यादी घरूनच करून न्या. भेटायला सकाळी दहाच्या सुमारास जा आणि ते दमले की उठा. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणं बरं. ऐकू कमी येतं म्हणून समोर बसून सावकाश बोलायचं. परवानगी घेऊन त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करा, आणि शक्यतो मराठीतच बोलतं करा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईला उतरले, तिथून नगर भागात काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास छापील सापडतो. दुष्काळात विहिरीच्या कामावर कोण होतं, कोणत्या गावाने आधी विरोध केला आणि मग भाकरी दिली, हे मात्र या माणसांपाशीच आहे.

रविवारी उपासनेत ‘दोन शब्द बोला’ म्हणतील. आपल्या गावच्या मंडळीचा (चर्चच्या लोकांचा) सलाम आणि पाच मिनिटांची साक्ष, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव, तयार ठेवा. लोक फार आस्थेने विचारतात. १९७० साली अनेक चर्च एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाल्यावर नगरच्या देवळांचं, म्हणजे चर्चचं, पुढे काय झालं, नर्सिंग स्कूल चालू आहे का, पाणी आलं का. जे बिकट आहे तेही सांगा. त्यांनी हे काम केलेलं आहे, त्यांना कळतं.

नोव्हेंबरमध्ये वसाहतीचा उत्सव भरतो. रहिवाशांनी केलेल्या वस्तू विकायला असतात आणि लहान मुलं लाकडाचे तुकडे चिकटवून खेळणी करतात. वातावरण छान असतं, पण त्या गर्दीत निवांत बोलणं होत नाही. म्हणून उत्सवाच्या आठवडाभर आधी पोचा. सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो.

मिरजेच्या प्रेस्बिटेरियन मिशन हॉस्पिटलातल्या मंडळींनी ड्युआर्टे गावातल्या वेस्टमिन्स्टर गार्डन्समध्येही चौकशी करावी. ती वसाहत प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनरींसाठी उभी राहिली, आणि क्लेअरमाँटहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येतं. कुठेही जाण्याआधी यजमानांना फोन करून भेटीची वेळ ठरवून घ्या, नुसत्या ईमेलवर विसंबू नका.