मिक्सरचा रुसवा

चमचाभर आलं-लसूण वाटताना मिक्सर सहसा बंद पडत नाही. तो होळीला पुरणावर अडून बसतो, दिवाळीत अनारशांच्या तांदळावर, नाहीतर पाहुणे दारात चपला काढत असताना ओल्या खोबऱ्यावर. त्याचा आपल्यावर आकस आहे, असा घरोघरी पक्का समज आहे. खरं कारण बऱ्याचदा त्याच्या पोटाखालच्या पट्टीवरच छापलेलं असतं : ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद. सणाच्या दिवशी ही दोन मिनिटं देतो कोण? किलोभर डाळीचं पुरण घट्ट, चिकट, त्यात गरम. पात्याला ते ढकलता ढकलत नाही, मोटर तापते आणि आतला ओव्हरलोड स्विच ‘टक’ करून तिला वाचवतो. आपण मात्र ‘गेला!’ म्हणून मोकळे होतो.

तो गेलेला नसतो. प्लग काढा, भांडं उतरवा, मोटर ५-१० मिनिटं निवू द्या आणि तळाशी असलेलं लाल बटण दाबा. भांडं उतरवायचं कशासाठी? बटण तळाशी असल्यामुळे मिक्सर आडवा करावा लागतो, आणि घाईत भांड्यासकट आडवा केला की पुरण ओट्यावर येतं. हे बटण तिथे कुणी ठेवलं असेल, त्याने आयुष्यात पुरण केलेलं नसावं.

लाल बटणाने भागलं नाही तर कान लावावा. मोटर जोरात फिरतेय पण पातं ढिम्म, म्हणजे कपलरचे (मोटरवर आणि भांड्याखाली बसणाऱ्या, एकमेकांत अडकणाऱ्या दातेरी चकत्यांचे) दात गेले. नुसता ‘हूंऽऽ’ आवाज येतोय, म्हणजे पातं अडकलंय. पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या बुशात परवाची चटणी वाळून बसलेली असते. अशा वेळी ‘बघू, तीनवर टाकून सुटतंय का’ हा प्रयोग करू नये, त्यात मोटर जळते. भांड्यात कोमट पाणी घालून अर्धा तास ठेवा, खालचा कपलर हाताने सुटेपर्यंत हलवा, बुशाशी गोडेतेलाचा एक थेंब सोडा. भांड्याखाली काळं पाणी दिसलं तर बुश झिजलाय, आणि तोच काळेपणा थोडाफार चटणीतही उतरतोय. मग तेलाचे लाड पुरे, बुश आणि दांडा दोन्ही बदला.

आता थापटेबद्दल. मिक्सरला डाव्या हाताने एक थापट दिली की तो सुरू होतो. ही अंधश्रद्धा नाही. मोटरच्या दोन बाजूंना कार्बनचे दोन तुकडे स्प्रिंगने आतल्या फिरत्या तांब्यावर टेकलेले असतात आणि त्यांच्यातून वीज जाते. पेन्सिलीसारखे ते झिजतात, त्यांचीच भुकटी पितळी नळीत साचते आणि तुकडा मध्येच अडकतो. थापटेने तो पुन्हा टेकतो. म्हणूनच मेकॅनिककडे नेलेला मिक्सर तिथे गुमान चालतो आणि आपण खोटे पडतो : रस्त्यातल्या खड्ड्यांनीच दुरुस्ती करून टाकलेली असते. पण ती चार दिवसांची. कार्बन ५-६ मिलिमीटर उरला की बदलावा, आणि बदलताना जोडीने. मोटरमध्ये बारीक निळ्या ठिणग्या दिसणं चालतं; पिवळ्या ठिणग्यांचं कडं फिरायला लागलं, की स्विच बंद. नव्या मिक्सरला पहिल्या एक-दोन वेळा जळका वास येतो तो मात्र मोटरच्या तारांवरच्या वार्निशचा, त्याला घाबरू नये.

हा रुसवा मुळात घराण्यातलाच. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरचा जर्मन मिक्सर बंद पडला आणि इथे दुरुस्त होईना, म्हणून त्यांनी आपल्या वाटणांना पुरून उरेल असा मिक्सर स्वतःच तयार केला. १९६३ साली ‘सुमीत’ जन्माला आला तो असा. तरी हळकुंडं कुणी अख्खी टाकू नयेत. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप करावेत. दाण्याचं कूट बटण उलट्या बाजूला थांबत थांबत फिरवून करावं; सलग फिरवलं तर पात्याच्या उष्णतेने तेल सुटतं आणि कुटाचा लगदा होतो. गरम टोमॅटो भांडं भरून लावले, तर वाफ झाकण उडवते आणि छताला रंग मिळतो.

राहिला कपलर. तो मुद्दामच नाजूक असतो. पातं अडलं तर मोटरऐवजी दात तुटावेत म्हणून. बदलायला सोपा, पण बरेच जण इथेच हरतात, कारण बऱ्याच मॉडेलांत आटे उलटे असतात. फिरताना तो सुटू नये, घट्ट व्हावा म्हणून. आपण नेहमीसारखा डावीकडे जोर लावतो आणि तो आणखी आवळत जातो. आधी प्लग काढा, तळाच्या भोकातून मोटरच्या दांड्याच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून धरा आणि वरून उजवीकडे फिरवून पाहा. भांड्याच्या कपलरसाठी पातं जाड फडक्याने धरावं, नुसत्या हाताने नव्हे.

दुकानात जाताना जुना तुटका कपलर खिशात हवाच. ‘कुठल्या कंपनीचा?’ असं दुकानदार विचारतो, आणि कंपनीचं नाव तर तीन वर्षांपूर्वीच घासणीने पुसलेलं असतं.