मोजलं न जाणारं मत

मतदान तुम्हाला बंधनकारक वाटतं का, असं तुम्ही विचारलंत. एरवी मला हे कुणी सरळ विचारत नाही. विचारतात ते असं: "मोजणारच नव्हते, तर ते मत दिलंत कशाला?" भाचा विचारतो, बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, नाशिकच्या गंगापूर रोडला एका लग्नात भर पंगतीत विचारलं गेलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

20 मे 2024, लोकसभा. आमचं केंद्र सिडकोतल्या एका शाळेत. ऊन जरा कलल्यावर गेले. ओळखपत्र दाखवलं. अधिकाऱ्याने यादीत नाव शोधलं आणि म्हणाला, "तुमचं झालंय की." नावावर खूण होती. शेजारच्या नोंदवहीत माझ्या क्रमांकासमोर कुणाची तरी सही होती. मी डावा हात पुढे केला. बोट कोरं. मागून रांगेतून आवाज आला, "दुसऱ्यांदा आल्यात वाटतं." ज्या वस्तीत माझी मुलं मोठी झाली, तिथे हे ऐकलं.

अशा वेळी प्रदत्त मत, म्हणजे खऱ्या मतदाराने कागदावर दिलेलं, वेगळं ठेवलं जाणारं मत, मागता येतं, एवढं मला ठाऊक होतं. मागितलं. केंद्राध्यक्ष माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "मॅडम, ते पाकिटात बंद होतं. मोजणीत धरत नाहीत. कोर्टाने मागवलं तरच उपयोग. कशाला त्रास करून घेता?" मी म्हटलं, द्या. त्यांनी नाव, पत्ता, घरातली माणसं विचारून खात्री केली. वेगळ्या यादीत सही घेतली. मशीनऐवजी कागदी मतपत्रिका आणि फुलीचा शिक्का हातात आला. आडोशाला गेल्यावर हात थरथरायला लागला. जी बहुधा कुणी उघडणारही नाही, त्या पत्रिकेवर शिक्का रेषेबाहेर गेला नाही ना, हे मी वाकून पाहिलं. घडी घातली, दिली, बाहेर आले. रात्री जेवण गेलं नाही.

कशाला? तर परत फिरले असते तर कागदोपत्री सगळं ठीक होतं. मी आले, सही केली, मत दिलं. चोरी झाल्याची खूणही उरली नसती. त्या दुसऱ्या यादीतल्या सहीमुळे निदान एवढं नोंदलं गेलं, की या नावाने दोन जणी आल्या होत्या.

2008 सालचं राजस्थानातलं नाथद्वारा मला सांगू नका. काँग्रेसचे सी. पी. जोशी तिथे विधानसभेला एका मताने हरले आणि प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे मी नंतर वाचलं. आमच्याकडे निकाल एका मतावर अडलेला नव्हता. तसा हिशेब करून मी शिक्का मारलाच नाही.

मग कर्तव्य म्हणून? संविधानाच्या 51क कलमात अकरा मूलभूत कर्तव्यं आहेत, त्यांत मतदान नाही. आणि कर्तव्य एकट्या मतदाराचंच का? नाशिक महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. तेव्हा आम्हाला मत द्यायला कुणी बोलावलंच नाही.

पूर्वी मी ठणकावून सांगायचे, मत दिलं नाही त्याने खड्ड्यांबद्दल तोंड उघडू नये. आता तसं म्हणवत नाही. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी कायद्यात आहे, रोजंदारीवाल्यालाही आहे. पण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर उभं करतील की नाही, याची धास्ती असते. त्याला मी कोणत्या तोंडाने बोलू? तरीही तो मत देत नाही याचं मला वाईट वाटतं, आणि ते त्याला कळतं. यातून मला वाट सापडलेली नाही.

भाचा म्हणतो, "मावशी, तुझा हा हट्ट आहे." असेल. पण त्याच 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेला मी सकाळी सातच्या आधीच रांगेत होते, आणि त्या दिवशी मनात कर्तव्य वगैरे काही नव्हतं. आपल्या आधी दुसरी कुणी येऊन जाईल, ही भीती होती. बंधन वाटतं का, याचं माझ्याकडे जे उत्तर आहे त्यात ही भीतीही धरा. नाव यादीत होतं, खूण नव्हती. बटण दाबलं, आवाज झाला, तरी मी दोन क्षण तिथून हलले नाही. मागचा माणूस "ताई, झालं का" म्हणाला, तेव्हा बाजूला झाले.