तबला लावून झाला, आता हवा बदलली

मैफल रंगात येत असताना तबलेवाल्याने हातोडी उचलली की पहिल्या रांगेत हलकी चुळबुळ होते. "घरून लावून आणता येत नाही का?" असं कुणी तोंडावर विचारत नाही, पण चेहऱ्यावर ते स्वच्छ वाचता येतं. लावूनच आणलेला असतो हो. घरची हवा तेवढी पिशवीत भरून आणता येत नाही.

पुडी (तबल्याच्या तोंडावरचा पडदा) बकऱ्याच्या कातड्याची, वादी (पुडी ताणून धरणारी पट्टी) त्याहून जाड कातड्याची, आणि दोन्ही हवेतला ओलावा पितात. ओलावा प्यालेलं कातडं सैलावतं, स्वर उतरतो. कोरड्या हवेत ते आक्रसतं, स्वर चढतो. गणित साधं आहे, पण पुडी आणि वादी एका चालीने चालत नाहीत. पातळ पुडीला हवा लगेच लागते, जाड वादीला ती मागाहून कळते. म्हणून सुरात लावलेला तबला अर्ध्या तासाने पुन्हा हलतो, आणि हात न लावता हलतो. शिवाय वारा एकाच बाजूने येत असेल तर पुडीच्या काठावर वादी ओवल्याने पडलेल्या सोळा घरांपैकी त्या बाजूची चार-पाच घरं चढतात, बाकीची तिथेच राहतात. सगळा तबला सारखा हलला असता तर निभावून नेता आलं असतं. वाकडा हललेला तबला 'ना' या बोलाला एक बोलतो आणि 'तिं'ला दुसरंच.

ढोलपथकांनी ढोलाला फायबरचं पान बसवून पावसाचा प्रश्न मिटवला. तबल्याला ती सोय परवडत नाही, कारण गोम शाईत, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोल लेपात, आहे. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांतून नेमका स्वर निघत नाही. शाईच्या वजनाने हे उपस्वर जवळजवळ सुरेल पट्टीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं. थोडक्यात, तबला सुरात लागतो म्हणूनच तो बेसूर झालेला शेवटच्या रांगेतसुद्धा कळतो. ताशाला ही भीती नाही.

आता नेहमीचा कार्यक्रम बघा. महिना श्रावणाचा, गाव कोकणपट्टीतलं किंवा मुंबई-ठाण्याचं, बाहेर हवेत ऐंशी टक्क्यांच्या वर आर्द्रता. वाद्यं लावायला पाच वाजता बोलावतात. सभागृह रिकामं असतं, त्यामुळे एसी बंद. त्या दमट हवेत तानपुरे, पेटी, तबला सगळं एकमेकांशी जुळतं. साडेसहाला प्रेक्षक आत येतात आणि एसी जोरात सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचे आभार. या पाऊण तासात कोरडी हवा कातड्याला हवं ते करून घेते. पडदा उघडेपर्यंत तबला पाव ते अर्धा स्वर चढलेला असतो, आणि गायक 'सा' लावून वाट बघत असतो. उन्हाळ्यात विदर्भात उलट तऱ्हा. तिथे मुळातच कोरडं, त्यात पाण्याचा कूलर स्टेजच्या कडेला आणून ठेवला की ओला वारा थेट पुडीवर. आयोजकांकडे एकच मागणी करण्यासारखी आहे: एसी वाद्यं लावण्याच्या आधी तासभर चालू करा, आणि पंखा किंवा कूलर वादकाच्या पाठीमागे ठेवा, समोर नको. खर्च थोड्याशा विजेचा. तरी दर चारातल्या तीन ठिकाणी "आत्ता लावतो साहेब" इतकंच उत्तर मिळतं.

लावण्याची पद्धत बहुतेकांना माहीत असते, पण घाईत नेमकी तिचीच मोडतोड होते. मोठा फरक आधी वादीखाली खोचलेल्या लाकडी गठ्ठ्यांवर काढायचा. तबल्याचं खोड खाली रुंद असतं, म्हणून गठ्ठा खाली ठोकला की वादी ताणते आणि स्वर चढतो. वर ठोकला की उतरतो. गठ्ठे आठ, घरं सोळा, म्हणजे एका गठ्ठ्याच्या ताब्यात दोन घरं. एक गठ्ठा ठोकला की लगेच समोरचा ठोकायचा, मग काटकोनातले दोन, मग उरलेले चार. ओळीने गोल फिरत गेलात तर पुडी एका अंगाला ओढली जाते आणि पुढची वीस मिनिटं तिला मधोमध आणण्यात जातात. अर्ध्या स्वराहून कमी फरक असेल तर गठ्ठ्यांना हात लावू नये, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या विणलेल्या कड्यावर, काम करावं: वरून ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो.

घरं तपासताना चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठालगतच्या कातड्याच्या पट्टीवर, 'ना' वाजवा. 'तूं' या बोलावर तबला लावू नये, त्याचा स्वर 'ना'पेक्षा वेगळा येतो आणि कान फसतो. तानपुऱ्याशी अगदी मिळालेलं एक घर शोधा, मग त्याच्या समोरचं, मग दोन्ही बाजूंचं मधलं. अशी चार घरं जमली की उरलेली बारा फार छळत नाहीत. एखादं घर कितीही ठोकलं तरी उतरलेलंच राहत असेल, तर दोष बहुधा त्या घरात नसतो. समोरचं घर जास्त चढलेलं असतं आणि ते पुडीला आपल्याकडे ओढत असतं. ते खालून एक हलका ठोका देऊन उतरवा, हे आपोआप जागेवर येतं. या एका गोष्टीने निम्मी ठोकाठोकी वाचते. पण उतरलेलं दिसलं की चढवायचं, ही हाताची सवय जुनी असते. अशाने सगळा तबला हळूहळू वर सरकतो आणि शेवटी गायकाला विचारावं लागतं, "थोडा वर चालेल का?"

ठोकून झाल्यावर तळहाताने पुडी चार-पाच वेळा चांगली दाबा आणि दोन मिनिटं जोरकस वाजवा. वादी घरात सरकून बसायला वेळ घेते. न दाबता सोडलेला तबला पहिल्याच तिहाईत (तीनदा वाजणाऱ्या तुकड्यात) उतरतो, तो असा.

प्रत्येक पुडीची एक मर्यादा असते. साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी १ ला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) सुखाने बोलतो, सव्वापाच इंची पांढरी २ ते काळी २, आणि पाच इंची त्याच्याही वर. खाली पांढरी ७, काळी ५ कडे जायचं तर पावणेसहा-सहा इंची तोंड लागतं. दोन्ही बाजूंना अर्धा स्वर ताणता येतो. एक स्वर चढवला की आवाज पत्र्यासारखा होतो, आस (मागे रेंगाळणारा नाद) कमी होते, आणि एखाद्या दुपारी चाट गजऱ्यालगत फाटते. एक स्वर उतरवला तर गजरा सैल पडून झरझर करतो. म्हणून "आज घसा जरा बसलाय, काळी १ ऐवजी पांढरी १ करू" हे वाक्य गायकाला किरकोळ वाटतं, तबलेवाल्याला नाही. पेटीवाला फक्त बोटं सरकवतो. इथे आठ गठ्ठे आणि सोळा घरं उतरवायची असतात, आणि उतरवलेला तबला चढवलेल्यापेक्षा जास्त वेळ हलत राहतो.

भावगीत-नाट्यगीतांच्या कार्यक्रमात तर गाण्यागणिक पट्टी बदलते. तबल्यांची रांग मांडून बसायचं नसेल तर आदल्या दिवशीच पेटीवाल्याकडून पट्ट्यांची यादी घ्या आणि कोणता तबला किती ठिकाणी चालतो ते काढा. काळी १ चा तबला काळी १ च्या गाण्याला षड्ज (सा), काळी ४ ला मध्यम (म), काळी ३ ला पंचम (प). एकाच तबल्यात तीन पट्ट्या निघतात. बहुतेक गायिकांची पट्टी काळी ४ ते काळी ५ च्या आसपास असते, तिथे मध्यमाचा किंवा पंचमाचा तबला हाच रोजचा उपाय. मात्र राग बघायला हवा. यमनात शुद्ध मध्यम नाही, भूपात मध्यमच नाही. तिथे मध्यमाला लावलेला तबला प्रत्येक 'ना'बरोबर रागात खडा टाकतो. मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तिथे मध्यम घ्या. मारव्यात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, म्हणजे षड्जाचा तबला आणण्याला पर्यायच नाही. हे गायिकेने आधी सांगितलं तर बरं. बहुधा ग्रीनरूममध्ये चहा पिताना कळतं.

दुसरी डोकेदुखी मोबाईलची. तानपुऱ्याचं ॲप ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर चालतं आणि स्टेजवरची जुनी पेटी ४४२-४४३ च्या आसपास बोलते. पेटीचे पितळी सूर स्टेजवर बदलता येत नाहीत, ॲप बदलता येतं. तेव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन आधी ते पेटीला मिळवा आणि तबला पेटीवर लावा. फरक किती बोचतो? काळी १ म्हणजे सुमारे २७७ हर्ट्झ. तिथे दहा सेंटची, म्हणजे अर्ध्या स्वराच्या एक दशांश, तफावत असली तरी सेकंदाला दीडेक लहर (आवाजाचं वर-खाली होणं) ऐकू येते. ही लहर तानपुऱ्याच्या झंकारात लपते, पेटीच्या लांब स्वरावर मात्र उघडी पडते. ट्यूनर ॲपने तबला लावण्याचा हट्ट करू नका. तबल्याचा नाद झटकन विरतो, काटा नाचत राहतो, आणि सोळा घरांना सोळा आकडे दाखवतो. कान जास्त प्रामाणिक आहे.

पावसाळ्यात मोठं नुकसान शाईचं होतं. लोहचूर आणि खळीचे पातळ थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती भरलेली असते. तिच्यावरच्या बारीक भेगा दोष नव्हेत, त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. त्यांच्यामुळेच शाई पुडीबरोबर लवते. ओलावा आणि घाम या भेगांतून खाली उतरला की कण सुटतात आणि 'तिं'मध्ये झर येते. हाताला पावडर लावणाऱ्यांनी ती थोडीच लावावी, कारण पावडर घामाशी मिसळून भेगांत लापशीसारखी बसते. सुटलेल्या शाईवर झटपट चिकटणारा गोंद ओतण्याचा मोह होतो. तो टाळा. तेवढा भाग दगड होतो, आस जाते, आणि कारागिराला ती शाई दुरुस्त न करता पूर्ण नवी भरावी लागते. गणपतीच्या आधी त्याच्याकडे रांग असते, तेव्हा पुडी बदलायची असेल तर आषाढातच नेऊन द्या.

ओल काढायला हेअर ड्रायर नको. वरचा थर भाजतो, खालचा ओलाच राहतो, मग शाई उचलते. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब दोन-अडीच फुटांवर ठेवून अर्धा तास द्या, मधेमधे तबला फिरवा. वाजवून झाल्यावर लगेच पिशवीत घालू नका. कोरड्या फडक्याने पुसून दहा मिनिटं उघडा ठेवा, मग गादी आणि झाकण. पिशवीत कापडी पुरचुंडीत दीडशे ग्रॅम सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येतात. लहान मुलांपासून दूर ठेवा. एसी सभागृहातून बाहेर पडताना डग्गा पिशवीतच असू द्या. तांब्या-पितळेचं भांडं गार झालेलं असतं, दमट हवेत त्याच्यावर दव धरतं आणि ते पाणी थेट पुडीच्या काठाला जातं.

माइकबद्दल एवढंच: तबल्यापासून साधारण १५ सेंटिमीटर, तोंड चाटेकडे तिरकं. डग्ग्याला माइक चिकटवला की खर्ज फुगतो आणि सगळं सभागृह घुमतं. मॉनिटरमधून तानपुरा मागून घ्या. साउंडवाले गाण्याचा आवाज भरभरून देतात, आणि सूर ज्याच्याशी मिळवायचा तो तानपुराच तबलेवाल्याला ऐकू येत नाही.

विमानप्रवास असेल तर निघण्याआधी तबला अर्धा-एक स्वर उतरवून ठेवा. विमानातली हवा फार कोरडी असते, ताणलेली पुडी तिथे आणखी ताणते. आणि हातोडी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ती चेक-इनच्या सामानातच जाते. तबला मांडीशी आणि हातोडी सामानाच्या पोटात, असा हा प्रवास. सामान मागे राहिलं तर हातात सुरात नसलेला तबला उरतो, म्हणून यजमानांना आधीच फोन करून ठेवा: दीड-दोनशे ग्रॅमची एक साधी हातोडी हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवा. सुतारकामाची मोठी नको, असं दोनदा सांगा. तरी तीच येते.