चांदणीवाल्या नोंदी

"ही उचल मी सोळा सालीच फेडलीय. मी काय खोटं बोलूलालो का?"

विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात धरून एक शेतकरी काका आडतीच्या ओट्यावर उभे होते. ऑक्टोबर 2024. दसरा होऊन चार-पाच दिवस झाले होते आणि लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनच्या कट्ट्यांतून वाट काढत चालावं लागत होतं. हमीभाव 4,892 रुपये आणि सौदे त्याच्या कितीतरी खाली. काकांचा माल सात क्विंटलच्या आसपास भरला. पट्टीवर हमाली, तोलाई वजा झाली होती आणि त्याखाली एक ओळ होती: मागील उचल बाकी 9,500. उचल म्हणजे आडतीकडून आगाऊ घेतलेले पैसे. पिकाच्या पैशातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एका ओळीनं खाल्ला होता.

ती ओळ माझ्या सॉफ्टवेअरनं छापली होती.

या आडतीचा जुना प्रोग्राम फॉक्सप्रोमधला, म्हणजे नोंदी साठवणारे प्रोग्राम लिहायच्या एका जुन्या साधनातला. 2002 पासूनचे हिशेब त्यात. लिहिणारा माणूस केव्हाच लातूर सोडून गेलेला. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 सालची आणि 2015 च्या जानेवारीत तिचा उरलासुरला आधारही कंपनीनं काढून घेतला. ज्या संगणकावर तो चालायचा त्याचा पॉवर सप्लाय दोनदा जळाला, तेव्हा मालकांनी मला बोलावलं. हा डबा एकदा कायमचा बसला की बावीस वर्षांचे हिशेब त्याच्यासोबत जाणार, हे त्यांना कळत होतं. मी पोळ्याच्या सुमारास कामाला लागलो. हंगामाच्या आत सगळं नव्यात आणायचं होतं.

सगळ्यात जास्त दिवस नावांनी घेतले. जुन्या प्रोग्राममध्ये मराठी म्हणजे फक्त अक्षरांचं रूप. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली, वरून फॉन्ट चढवला की मराठी दिसायचं. फॉन्ट काढला की नुसता गिचमिडा. तिथं पहिली वेलांटी जशी दिसते तशी, म्हणजे अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं नेमकं उलटं: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. पहिल्या फेरीत 'शिंदे'ची वेलांटी सुटून एका रिकाम्या गोलावर जाऊन बसली आणि 'सूर्यकांत'चा रफार भलत्याच अक्षरावर चढला. नियम लिहिले, पुन्हा फिरवलं, पुन्हा तपासलं. जोडाक्षरांसाठी तर एकेक चिन्ह पाहून तक्ता केला.

त्याहून अवघड म्हणजे एकाच माणसाची तीन नावं आणि तीन माणसांचं एकच नाव. औसा तालुक्यातल्या एका गावातली दोन खाती अक्षरशः सारखी होती, वडिलांच्या नावासकट. मी ती एकत्र करायला निघालो होतो. मुनीमजींनी हात धरला. "एक भूकंपाच्या आधीपासून आपल्याकडं येतो. दुसरा त्याचा चुलतभाऊ, त्याचं घर नव्या गावठाणात. दोघांचा बांध एक, हिशेब येगळा." 1993 च्या भूकंपानंतर त्या पट्ट्यातली गावं उठून दुसरीकडं वसली. जुनं गाव, नवं गाव हा फरक फाइलमध्ये कुठंच नव्हता. तो मुनीमजींच्या डोक्यात होता. तेव्हापासून एकही खातं मी त्यांना विचारल्याशिवाय जोडलं नाही.

इतकी काळजी घेऊनही काकांची पट्टी चुकली.

मुख्य खतावणीचा, म्हणजे खातेवार हिशेबाचा, ताळा मी पैशापर्यंत जुळवला होता. पण शेतकऱ्यांच्या उचलीची फाइल त्या प्रोग्राममध्ये वेगळी होती, खतावणीच्या बाहेर. तिची एकूण बेरीज दाखवणारा अहवालच जुन्यात नव्हता. म्हणून मी नोंदी मोजल्या. जुन्यात 6,412. नव्यात 6,412. आकडा तंतोतंत जुळला, मी मालकांना तसं सांगितलं आणि त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला.

काका सांगत होते, "ज्या वर्षी मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ना, त्या वर्षी. बैल इकून पैसे दिले. ह्याच ओट्यावर दिले." बोलताना त्यांचा हात थरथरत होता. भोवती पाच-सहा शेतकरी जमले होते, हमालांनी कट्टे खाली ठेवले होते. चारचौघांत देणं बुडवल्याचा ठपका यायची वेळ होती आणि मालक माझ्याकडं पाहत होते.

मुनीमजी काही न बोलता आत गेले. माळ्यावरून लाल कापडात बांधलेली वही काढली, तिची दोरी सोडली, धूळ झटकली. सोळा सालची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. अंगठा ओला करून पानं उलटत गेले. मग वही उघडीच बाहेर आणून काकांसमोर धरली. मुनीमजींच्या स्वतःच्या अक्षरात ओळ होती: रोख जमा 9,500, उचल फेड. खाली काकांची सही.

"बघा, हाय का न्हाई," काका एवढंच म्हणाले आणि ओट्यावर बसले.

पट्टी दुरुस्त करून, पैसे देऊन मी जुनी फाइल उघडली. नेहमीसारखी नाही, एकेक बाइट दिसेल अशी. फॉक्सप्रो ज्यात नोंदी साठवतो त्या डीबीएफ फाइलमध्ये प्रत्येक नोंदीच्या आधी एक जागा असते. नोंद जिवंत असेल तर ती कोरी. खोडलेली असेल तर तिथं चांदणी, म्हणजे * हे चिन्ह. फॉक्सप्रोमध्ये नोंद खोडली म्हणून ती जात नाही. 'पॅक' ही आज्ञा दिली तरच फाइलमधून निघते, तोवर नुसती झाकलेली राहते. जुना प्रोग्राम अशा नोंदी दाखवत नव्हता. माझ्या प्रोग्रामनं चांदणीकडं न बघता सगळ्या ओळी उचलल्या. आणि फाइलच्या माथ्यावर जो एकूण आकडा लिहिलेला असतो, त्यात खोडलेल्याही धरलेल्या असतात. माझा आकडा जुळला तो त्यामुळंच.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. खतावणीच्या फाइलवर दर वर्षअखेरीला पॅक व्हायचं, तिथं एकही चांदणी सापडली नाही, म्हणून मी पुढच्या फाइलवर ती तपासणी केलीच नाही.

चांदणीवाल्या नोंदी 214 निघाल्या.

रात्री दुकान बंद झाल्यावर मुनीमजी आणि मी बसलो. मी नाव, गाव, रक्कम वाचायची, त्यांनी वहीत शोधायचं. दहा-बारा नोंदी झाल्यावर त्यांना आठवलं. मधली काही वर्षं संगणकावर एक पोरगा होता. कुणी उचल रोखीनं फेडली की पैसे कीर्दीत जमा करायचे आणि उचलीच्या फाइलमधली नोंद उडवून टाकायची, ही त्याची पद्धत. म्हणजे त्या 214 चांदण्या ही फिटलेली देणी होती. पिकातून नव्हे, रोख आणून फेडलेली. दुष्काळाच्या सालांत त्या दाट होत होत्या.

"ही बाई. नवरा गेल्यावर दोन हप्त्यांत दिले हिनं." मुनीमजी मधेच थांबायचे. "हा आता न्हाई." मी चष्मा पुसायचो आणि पुढचं नाव वाचायचो. पहाटे दोनला शेवटची नोंद झाली. वहीत 211 सापडल्या. उरलेल्या तीन मालकांनी सकाळी स्वतः पाहून फिटल्या म्हणून सोडल्या.

नोंदी काढून टाकायला अर्धा मिनिट लागला. पण काकांच्या आधीच्या आठवड्यात आणखी दोन पट्ट्यांमधून पैसे कापले गेले होते आणि त्या शेतकऱ्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. संगणकानं छापलंय म्हणजे असेल आपलंच काहीतरी राहिलेलं, असं समजून ते निघून गेले होते. मला ते काकांच्या थरथरत्या हातापेक्षा जास्त लागलं.

एकाला फोन लागला, तो दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेला. दुसरा नंबर बंद होता. रविवारी मुनीमजींना मोटारसायकलवर मागं बसवून मी निलंग्याच्या रस्त्याला लागलो. त्यांनी लाल कापडातली वही मांडीवर धरली होती.

घरी म्हातारी एकटी होती, लेक रानात गेलेला. मुनीमजींनी ओसरीवर वही उघडली, ओळीवर बोट ठेवून तिला वाचून दाखवलं आणि 2,350 रुपये मोजून हातात दिले. तिनं ते पुन्हा मोजले. मग पदराला गाठ मारत माझ्याकडं पाहिलं.

"ह्यो कोण?"

"हिशेबाचं मशिन ह्येनं बसवलंय," मुनीमजी म्हणाले.

"माझ्याकडून चूक झाली, आजी," मी म्हणालो.

तिनं आत जाऊन तांब्या भरून आणला आणि दोघांनाही आधी पाणी प्यायला लावलं.